गॉगलवालं बदक

अहो, हसा ना, हसा — चाळिशी उलटलेल्या बाईने गॉगल लावलेलं बदक छापलेला पिवळाधमक टीशर्ट घालावा आणि कुणी हसू नये, असं कसं चालेल? सांगते त्याचंही. आधी ते पाव कापा बघू, सुरी डब्यामागे आहे. पूर्ण नका हो कापू, एक बाजू जोडलेली राहू द्या — तुम्ही पुण्याच्या ना? मग मी कशाला शिकवतेय! आणि हो, मी आसावरी. नववीतल्या गुंजनची आई, इथे एवढी ओळख पुरते. या देशात येऊन तुम्हाला तीन आठवडे झाले नाहीत तोवर पालक-समितीने शाळेच्या मैदानावर वडापावच्या स्टॉलला उभं केलं — स्वागतच असतं ते. मी पाच वर्षं उभी आहे.

होमकमिंग म्हणजे काय, विचारत होतात ना? शाळा सोडून गेलेली मुलं परत येतात, त्यांच्यासाठी आठवडाभर उत्सव. पद्धत अमेरिकेतली. आता शाळा ॲमस्टरडॅममध्ये, मुलं तीन-तीन वर्षांच्या करारावर आलेल्या लोकांची — कोण सिंगापूरला गेलं, कोण टोरांटोला, परत यायचं कुणी? गेल्या वर्षी एक आला. एकच! तोही इथे शेजारच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातच राहतो, सायकलवरून आला, चार वडे खाल्ले. टाळ्या केवढ्या वाजवल्या म्हणता! बिचारा लाजून लालेलाल झाला.

पण उत्साह दाखवायचा म्हणजे दाखवायचा. सोमवारी सगळ्यांनी पायजमा घालून शाळेत. का, ते विचारू नका — शाळेवरचं प्रेम पायजम्यातून ओसंडून वाहतं म्हणे. मी आपला गुंजनचा पायजमा कडक इस्त्री करून दिला. इस्त्रीचा पायजमा घालून गेलेली अख्ख्या शाळेत ती एकटीच. घरी आल्यावर म्हणाली, "आई, नोबडी आयर्न्स पजामाज." तिला मराठी सगळं कळतं हो, पण राग इंग्रजीतच येतो. मंगळवारी जुळ्यांचा दिवस, म्हणजे दोघी मैत्रिणींनी अगदी सारखे कपडे घालायचे. बुधवारी आपापल्या देशाचा पोशाख. मी नऊवारी काढून ठेवली होती, पण बुधवारी तिचं पोट दुखलं. गुरुवारी डोकं. हाउसआर्टकडे नेलं, डॉक्टर हो आपले — त्यांनी पॅरासिटामॉल दिली. इथे हात मोडला तरी आधी पॅरासिटामॉलच देतात. पोटदुखीचं कारण मला ठाऊक होतं म्हणा.

म्हणजे — टीशर्टचंच सांगते. मंगळवारसाठी गुंजन म्हणाली, आई, मला दोन टीशर्ट हवेत, सेम. दोन! पाच वर्षांत या पोरीने काही दोन मागितलं नव्हतं हो. सिनेमाचं तिकीट एक, आइसक्रीम एक. मी पाऊस-वारा बघितला नाही, दुकान बंद व्हायच्या आत सायकल हाणत गेले. कुणासाठी, तेसुद्धा विचारलं नाही — म्हटलं, नजर नको लागायला. आणि बुधवारी तिच्या दप्तरात डबा शोधताना सापडला हा. घडी तशीच, लेबलसुद्धा निघालं नव्हतं. मंगळवारभर ती एकटीच बदक घालून हिंडली. कुणाची जुळी म्हणून? — तर कुणाचीच नाही. मग म्हटलं, आज मी घालते. वाया कशाला घालवायचा! सकाळी मला बघितलं आणि पुस्तक दप्तरात कोंबलं. ती बघा, त्या गोलपोस्टमागे पुस्तक घेऊन बसलीये. सामना पाठीमागे चाललाय आणि ही पुस्तक वाचतेय. उत्साह!

तुम्हाला मुद्दामच अडकवलं मी, खरं सांगू? संध्याकाळी सातला हॉलमध्ये डान्स आहे. तुमची भार्गवी नवीन, माझी गुंजन ही अशी. दोघी एका वर्गात, दोघी मराठी — पटकन जमेल हो! तुम्ही नुसतं भार्गवीला सांगा, हिच्याबरोबर जा म्हणून. मी सोडते गाडीने दोघींना, परत आणते. गुंजनने मला बजावलंय खरं — "आई, भार्गवीच्या आईशी काही बोलू नकोस" — चक्क मराठीत! पण मुली लाजतात, आपण किती ऐकायचं त्यांचं...

काय?

हा टीशर्ट? भार्गवी घरी येऊन सांगत होती? बदकाचा... हो, पिवळा. तिच्यासाठी आणला होता एका मुलीने. — आणि तिचं आधीच वर्गातल्या एमाबरोबर ठरलं होतं. हो. बरोबर आहे. मग नाहीच म्हणणार ना ती.

नाही हो, सॉरी कशाला? चूक काय त्यात तिची? छान बोलली असेल ती. गुंजनने विचारलं, हेच... म्हणजे स्वतःहून गेली ती, विचारायला. मला बोललीसुद्धा नाही. फक्त एवढंच म्हणाली होती, भार्गवीच्या आईशी बोलू नकोस.

थांबा, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावू द्या मला. अडकली वाटतं. — लागली.

ती बघतेय इकडे. नका, हात नका करू तिला! तुम्ही जा ना, भार्गवी खेळतेय, बघा तिला. खरंच जा.

पाव राहू द्या. मी कापते.