पाव टाकी

नाई भाऊ, शंभराची नाई बसत या गाडीले. बसवणारे बसवून देतीन, मी नाई देत. या इकडं, वाका जरासे — पाहा, हा चेसिसचा दांडा, हा फिरता शाफ्ट, अन् हा सायलेन्सरचा पाइप. या तिघायच्या मधात जेवढी जागा हाये तेवढीच टाकी. शंभराची घातली का एक तर पाइपाले चिकटन, नाईतर खाली लोंबन, अन् संत्र्याच्या बगीच्यात गाडी घातली का पहिल्याच दगडावर फुटन. कंपनीची किती हाये, पंचेचाळीसची? मंग ऐंशीची घ्या. ऐंशी बम झाली. जाड पत्र्याची घ्या, अन् मधात पडदे असलेली — काऊन म्हंजे? अर्धी टाकी असली का डिझेल इकडून तिकडं आदळते ना, वळणावर गाडी ओढल्यासारखी होते. पडदे असले का निवांत राह्यते. पट्टे नवे लागतीन, पट्ट्याखाली रबर लागन. अन् फ्लोट नवा.

फ्लोट जुनाच चालन म्हणता? नाई चालत. चांगला हाये, कबूल हाये, तरी नाई चालत. हे पाहा — टाकीच्या आत एक तार राह्यते अन् तारेच्या टोकाले हा डबा. डिझेल उतरलं का डबा उतरते, डबा उतरला का समोर काटा उतरते. एवढंच हाये ते. आता तुमची जुनी टाकी हाये उभी, खोल. म्हून तार लांब. नवी ऐंशीची हाये लांबोडी अन् चपटी. चपटीत लांब तारेचा फ्लोट टाकला तर काय होईन? डिझेल अजून पुरतं संपलं नसन तवाच डबा बुडाले टेकन. टेकला का तिथंच थांबला. अन् काटाही थांबला. टाकी कोरडी ठणठणीत, अन् काटा म्हणते पाव टाकी हाये. पाव टाकी! तुमी आपले मजेत गाणे लावून चालले.

म्हून मी टाकी बसवली का पहिले पुरी रिकामी करतो. मंग दोन लिटर टाकतो, काटा पाहतो. मंग पाच टाकतो, पाहतो. मंग दहा. अख्खी दुपार जाते त्याच्यात. — हो, कोणी नाई करत, मले मालूम हाये. या कारंज्यात रोडच्या दोन्ही बाजूनं एवढे मिस्त्री हायेत, एकही करत नाई. टाकी भरतात, काटा फुलवर गेला का झालं, गाडी घेऊन जा. मीबी तेच करत होतो. वीस वर्षं तेच केलं.

बसा, त्या टायरावर बसा. तुमाले घाई नाई ना? मले तर आता घाई कराचा कटाळाच येते.

माहा मोठा भाऊ हाये, प्रभाकर. इथंच, चार कोसावर गाव हाये आमचं, वावर त्याच्याकडंच हाये. त्याची पिकअप होती, अशीच, पांढरी. संत्रा न्यायचा नागपूरले. मोठा निगुतीचा माणूस. गाडी धुतल्याबिगर घरी नाई न्यायचा, सीटवरचं प्लास्टिक चार वर्षं काढलं नाई त्यानं. त्याले एकच पोरगी, अपेक्षा. तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. अन् नुसता भरला नाई बरं, सकाळी सकाळी रोडनं पळायची, बाप मागून पिकअप घेऊन, लाइट लावून, का कोणत्या ट्रकनं पोरीले उडवू नये म्हून. दोन वर्षं! गावातले हासत. हा गाडीतून वरडायचा, "घे, घे, अजून एक दम घे!" ग्राउंड तिनं काढलं, असे मार्क घेतले का बस. राह्यला फक्त लेखी पेपर. नागपूरले सेंटर आलं. दादा म्हणे मी सोता नेऊन सोडतो, एसटीच्या भरवशावर नाई राह्यत. अन् मले म्हणे, बंडू, मोठी टाकी बसवून दे, एकडाव भरली का आठ दिवस पाहाचं काम नाई पडलं पाहिजे.

बसवली. ऐंशीची. एका दिवसात बसवली, संध्याकाळी गाडी दिली, दादा अन् अपेक्षा दोघंही घ्याले आलते. अन् फ्लोट — जुनाच टाकला. पंपावरून टाकी भरून आणली, काटा फुलवर गेला, मी म्हटलं चला. एवढं सोपं काम! तार वाकवाले दहा मिनिटं लागतात भाऊ. दहा मिनिटं.

आठ दिवस गाडी चालली. पेपरच्या दिवशी सकाळी दादानं काटा पाह्यला, पाव टाकी. पाव म्हंजे वीस लिटर. नागपूरले जाऊन-येऊन पुरते. वहिनीनं दह्याचा चमचा दिला पोरीच्या हातावर, निघाले. कोंढाळी सोडली अन् गाडी फडफड फडफड करून उभी राह्यली. दादाचा मले फोन. मी म्हटलं डिझेल हाये का? म्हणे पाव टाकी हाये ना. मी म्हटलं मंग फिल्टरात कचरा आला असन, फिल्टर खोल. घ्या! मिस्त्रीनं सांगतलं. त्यानं खोलला. धुतला. बसवला. फिल्टरवरचा हातपंप मार मार मारला, हात सोलले त्याचे. अर्धा-पाऊण तास गेला. गाडी चालू होईन कुठून? टाकीत थेंब नाई. मंग कोण्या ट्रकवाल्यानं टाकीवर पाना ठोकला, म्हणे काका, हे तर ढोल वाजून राह्यलं.

अपेक्षा तवा एका कारवाल्याले हात दाखवून गेली. गेटावर पोहोचली. गेट बंद. सात मिनिटं झाली होती. सात का आठ, सात म्हणते ती. आत पोरं बाकावर बसलेले दिसत होते म्हणे. तिनं लय हात जोडले. शिपाई म्हणे बाई, मले माही नोकरी हाये.

— नाई, पुन्हा कुठं? पुढची भरती निघाली तीन वर्षांनी. तोवर लग्न झालं, लेकरू झालं. हिंगणघाटले दिली. जावई चांगला हाये, जिनिंगमधी सुपरवायझर हाये, काई वाईट नाई. सुखात हाये. सुखातच हाये म्हणा ना. फक्त आता पळत नाई ती. कशाले पळन?

हे झालं एक. हे तर चूक झाली म्हणू, कोणाच्याही हातून होते. पण पुढं आयका... जाऊ द्या. टाकी कोणत्या रंगाची —

नाई. सांगतो.

डिझेल घातलं तरी पाइपात हवा धरली होती, म्हून त्या संध्याकाळी दादा गाडी ओढून इथं घेऊन आला. गाडी इथंच उभी होती, तुमची उभी हाये ना, तिथंच. मी टाकी खोलली, फ्लोट पाह्यला — डबा बुडाले टेकलेला. दादा मागं उभा. म्हणे, बंडू, काटा तर पाव दाखवत होता रे? अन् मी — मान वर केली नाई मी, पाना फिरवत राह्यलो — मी म्हटलं, "दादा, तुले सांगतलं होतं ना गाडी देताना, आठ-पंधरा दिवस काट्यावर जाऊ नको, टाकीत काडी टाकून पाहात जा म्हून."

नोतं सांगतलं. एक शब्द नोतं सांगतलं. कसं तोंडून निघालं, मले आजही समजत नाई. अन् तो काय म्हणाला मालूम हाये? म्हणे, "सांगतलं असन रे तू. पेपरच्या गडबडीत माह्याच ध्यानात नाई राह्यलं." बस. एवढा भोळा माणूस. माह्यावर भांडला असता तर बरं झालं असतं. मी रात्री तार वाकवून ठेवली. सकाळपासून काटा एकदम बरोबर.

मंग घरात सगळं त्याच्यावर. वहिनी दोन महिने त्याच्याशी बोलली नाई, जेवणाचं ताट ठेवायची अन् निघून जायची. वर्षभरात त्यानं पिकअप विकली. आता भाड्याच्या गाडीत संत्रा भरते अन् सोता एसटीनं मागून जाते. अन् इथं माह्या दुकानात कोणी गिऱ्हाईक दिसलं का त्याले सांगते — "मिस्त्रीचं आयकत जा बाप्पा. माह्या भावानं मले बजावलं होतं, मी आयकलं नाई, पोरीचं नुकसान केलं." माही तारीफ करते तो, भाऊ! लोकायसमोर! अन् मी काय करतो? मी पाना पुसतो.

— हो, वाटलं सांगावं म्हून. लय डाव वाटलं. आज नाई, लग्न होऊ दे. आता नाई, वहिनीचं ऑपरेशन होऊ दे. असे नऊ वर्षं गेले. मी म्हणत होतो, कोणाले मालूम हाये? मी नाई सांगतलं तर कोणालेच मालूम नाई.

मागच्या दिवाळीत अपेक्षा आलती माहेरी. दुकानात आली, एकटीच, मले फराळाचा डबा द्याले. तुमी बसले तिथंच बसली. इकडचं तिकडचं बोलली. मंग उठता उठता म्हणे, "काका, गाडी घ्याले मीबी आलती त्या दिवशी. मी बाबाजवळच उभी होती. तुमी काई सांगतलं नोतं."

नऊ वर्षं भाऊ! नऊ वर्षं तिले मालूम होतं. म्हटलं, मंग तू काऊन नाई बोलली? म्हणे, "माहा पेपर तर गेलाच होता. बाबाले एकच भाऊ हाये." अन् म्हणे, "मी नाई सांगत काका. तुमी सांगजा." रागानंही नाई बोलली. पदर सावरला अन् गेली.

दिवाळी होऊन सहा महिने झाले. दादा दर बाजाराच्या दिवशी येते, बसते, मी चहा मागवतो, दोघं पितो. अन् तो जाते.

तुमाले कशाले सांगून राह्यलो मी हे सारं? तुमी टाकी घ्याले आलते बिचारे. तुमचं नावही इचारलं नाई मी. तुमाले सांगणं सोपं हाये, म्हून. तुमी उद्या टाकी घेऊन जासान, माह्या तोंडाकडं रोज रोज पाहाचं नाई तुमाले. — काय? तो माफ करन? करनच ना तो. तेच तर भेव हाये. मी सांगीन, अन् तो म्हणन, असू दे बंडू. मंग मी कुठं जाऊ?

थांबा. तो पाहा, रोड ओलांडून राह्यला. धोतरवाला, हातात पिशवी — हो, तोच. आज बाजार नाई का. तुमी काई बोलू नका.

ये दादा. — नाई नाई, गिऱ्हाईक हायेत, ऐंशीची टाकी घालाची म्हणतात. — अरे त्याईले काई सांगू नको तू. काईच सांगू नको. ये, बस. तिथं नाई, इथं, माह्याजवळ बस. — नाई, चहा मंग मागवू. हात नाई पुसत मी, राहू दे तसेच.

भाऊ, तुमी जा आता. गाडी राहू द्या इथं. नाई, आज नाई होत काई. उद्या येजा. जा ना भाऊ.