कॉम्प्युटरला शिकवलेले शब्द

फेरो बेटांवरच्या धक्क्यावर धुक्यात अडकलेल्या बोटीची वाट पाहताना दुरिताला मागच्या बाकावरचं बोलणं ऐकू येत होतं. म्हातारा हानुस आणि त्याची पुतणी रानवा बोलत होती.

“नवा कॉम्प्युटर अगदीच अडाणी आहे गं! माझ्या प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. जुन्याला नऊ वर्षं एकेक शब्द शिकवला होता.”

“काका, त्या शब्दांची यादी मी जुन्यातून काढून आणलीय. वाचू?”

“वाच.”

“लुल्लासोल.”

“काय म्हणालीस?”

“लुल्लासोल. म्हणजे काय रे?”

“धुक्यातून पेंगुळलेला सूर्य दिसला की तुझी काकू म्हणायची. तिनेच बनवलेला शब्द. ती गेल्यापासून ऐकलाच नव्हता.”

“मग तूच घातला असशील यादीत.”

“नाही गं. मी तो कधी लिहिलाच नाही.”

“काकू कॉम्प्युटरला हात लावायची?”

“माझ्यासमोर तरी नाही.”

बोटीचा भोंगा वाजला. दुरिता उठली नाही.

“काका, बोट आली. उरलेली यादी घरी वाचू.”

“आत्ताच वाच. हळू वाच. बोट जाऊ दे.”