फुकेतला मामा

— आरं बस की शंभू, बरं केलंस, राजनंदिनीच्या लग्नाला जायच्या आदी इचारायला आलास. आख्ख्या निमोण्यात थायलंड बघून आलेला म्हंजी मीच — सोसायटीच्या ट्रिपला, तवा. तर पयलं ऐक, गावाचं नाव फुकेत. फुकट न्हाई! आपल्या आळीतल्या दगडाबाईला अजून वाटतंय तिकीट लागतच न्हाई. ठेचा मोठ्या बॅगेत टाकायचा, हातातल्या पिशवीत घावला की काढून घेत्यात. सुकं खोबरं तर कुठल्याच बॅगेत चालत न्हाई — आता लावा म्हणावं बिनखोबऱ्याचं लगीन! पावर बँक मात्र जवळच ठेव, न्हाईतर माईकवरनं नाव पुकारत्यात. आन् घड्याळ दीड तास पुढं. म्हंजी गोरज मुहूर्त तिथला धरायचा का नवरीच्या गावचा, वरवंडचा? इचारलंय का कुणी भटजीला? न्हाई. कोण इचारणार, मी न्हाई ना तिथं.

आन् खरी गोम फुडंच हाय. इमिग्रेशनला काचंमागं एक बाई असती, ती इचारती — नवरीचे कोण? तू म्हणशील मामा. पण इंग्रजीत मामा बी अंकल, काका बी अंकल, आत्याचा नवरा बी अंकल! एका नवरीचे चाळीस अंकल बघून तिला येतो संशय. मग इचारती, सख्खा का चुलत? चुलत म्हणलास की बाजूच्या खोलीत. पंखा न्हाई, पाणी न्हाई — हसतोस काय? बरं, खोली नसंल. पण कुणीतरी इचारायलाच पायजे!

कारण सख्खा मामा हितं ओट्यावर बसलाय. सुलक्षणा माझी पाठची बहीण, तिची राजनंदिनी माझ्या खांद्यावर बसून दौंडचा बाजार हिंडलीय. आन् भटजी म्हणला 'मामा, मुलीला घेऊन या', तर उठणार कोण? तू, चुलत मामा! न्हाई, तुझी काय चूक — मीच म्हणलं होतं रविराजदाजींना, न इचारता परदेश ठरवलाय, आमचं काय यायचं व्हणार न्हाई. आरं, असं म्हणायचंच असतंय! मग समोरच्यानं चार वेळा हातापाया पडायचं, बायकांनी डोळं पुसायचं, तवा कुठं आपण तोंड पाडून 'बरं' म्हणायचं. तर हा गडी पयल्याच फटक्यात — 'बरं दादा, तब्येत जपा.' आन् ठेवला फोन! माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय? लई लागलं बघ मनाला. पोरीचं लगीन आन् मी हितं कांद्याला पाणी देत बसू? सुलक्षणा एकदा, फकस्त एकदा म्हणली असती ना — पासपोर्ट तर मी मागल्याच महिन्यात नवा करून आणलाय, बायकोला बी ठावं न्हाई — थांब. तुझा फोन उलटा का ठेवलाय मघापासनं? उचल. चालू हाय? कोण हाय त्यात?

...सुलक्षणे? कवापासनं ऐकतीस गं? सगळं? आगं, रडू नगंस. न्हाई, आता उशीर झाला बाई, आता कुठलं आमचं यायचं व्हतंय— ए! ए, ठेवू नगंस! येतो! येतो म्हणलं की!

...तू काय दात काढतोस रं शंभ्या? जा की घरी.