परके कोळी

(अक्राचा समुद्रकिनारा, दुपार. मासे धुरवायच्या भट्टीवरून एसिनाम तारेच्या जाळ्या उतरवते आहे. तिची म्हातारी आई आब्ला शेजारी बसली आहे. एसिनामचा नवरा नोर्तेई सभेतून तिच्या मागोमाग आला आहे.)

एसिनाम : त्या जाळीला हात लावू नकोस.

नोर्तेई : का, तापलीय?

एसिनाम : गार आहे. तरी लावू नकोस.

नोर्तेई : अगं, भर सभेतून तरातरा निघून आलीस. चारचौघांत माझी काय शोभा राहिली?

एसिनाम : तुझी शोभा! आई, ऐकलंस? यांची शोभा गेली म्हणे.

आब्ला : मला कशाला मध्ये घेतेस? मी आपली सुतळी वळतेय.

नोर्तेई : मी 'परके' म्हटलं का तुम्हाला? गोऱ्या साहेबाच्या त्या जुन्या नकाशात होतं ते वाचलं. अधिकारी म्हणाला, तुम्ही शिकलेले, तुम्ही वाचा. म्हणून वाचलं.

एसिनाम : आणि बोट कोणी ठेवलं? त्यानेच सांगितलं होतं?

नोर्तेई : कुठलं बोट?

एसिनाम : तुझं. किल्ला दाखवलास, दीपस्तंभ दाखवलास, गोऱ्यांची गोदामं दाखवलीस. मग तुमच्या कुळाची घरं. साहेबाने कौतुकाने काढलीत हो, एकेक दार, एकेक अंगण. आणि शेवटी आमच्यावर बोट. काय होतं तिथे?

नोर्तेई : ठिपके होते.

एसिनाम : ठिपके! आणि खाली?

नोर्तेई : ...'परके कोळी'.

आब्ला : माझे आजेसासरे चांगले साडेसहा फूट उंच होते म्हणतात. लाटेतून होडी एकटे ओढायचे. साहेबाला ते ठिपक्याएवढे दिसले. चष्मा नसेल त्याला.

नोर्तेई : आई, हसण्यावारी नेऊ नका. नवा धक्का बांधताहेत तर मासळी विकायचे ओटे मोजकेच मिळणार. कोणाला द्यायचे, कोणाला नाही, याला काहीतरी आधार नको? नकाशावर ज्यांची घरं, त्यांना ओटे, बाकीच्यांनी जागा सोडायची. सरळ हिशोब आहे.

एसिनाम : सरळ? तो साहेब मापं घेत फिरत होता तेव्हा जेवायला-झोपायला कोणाकडे होता? तुझ्या पणजोबाकडे. हे घर कोणाचं, ते कोणाचं, त्याला कोण सांगत होतं? तुझेच पणजोबा. साहेबाला आमची भाषा येत होती का? 'परके' हा शब्द त्याच्या लेखणीत आला कुठून?

नोर्तेई : केटाहून आलात तुम्ही. खोटं आहे का?

एसिनाम : आलो. चार पिढ्या झाल्या. आणि तुझ्या त्याच पणजोबांनी माझ्या पणजोबांना, आग्बेकोला, हात धरून इथे बसवलं. मेंढा कापला, दारू भुईवर ओतली, पूर्वजांना ओरडून सांगितलं, हा आमचा भाऊ, याची लेकरं या वाळूवरून कोणी उठवायची नाहीत. ते कुठल्या नकाशात काढलंय?

नोर्तेई : तसलं काही नकाशात येत नसतं.

एसिनाम : येत नाही ना? म्हणून तर उभी राहिले मी सभेत. बायकांनी बोलायचं नसतं, तरी बोलले. सगळं सांगितलं. मग अधिकाऱ्याने तुला विचारलं. सगळ्यांसमोर, सरळ. "तुमच्या घरात अशी काही गोष्ट सांगतात का?" काय म्हणालास?

नोर्तेई : एसिनाम...

एसिनाम : बोल ना. आई मागच्या बाकावर होती, तिला नीट ऐकू आलं नसेल.

आब्ला : आलं गं. कान शाबूत आहेत माझे.

एसिनाम : "मी ऐकलेलं नाही." हेच म्हणालास ना? 

नोर्तेई : कुळातले सगळे थोरले माझ्याकडे बघत होते. तुला काय ठाऊक ते कसं असतं! माझे भाऊ बसले होते, त्यांच्या बायका होत्या. तुमच्या वस्तीला वाटा गेला की त्यांना कमी पडणार. उद्या हे लोक मला दारात उभं करतील का? आणि आपल्या पोरांना ओटा मिळालाच ना? तुझीच पोरं ती!

एसिनाम : तुझ्या कुळाची पोरं. नकाशावरची. मी फक्त जन्म दिला.

नोर्तेई : आईंना आपल्या घरी आण म्हणतोय मी. मागची खोली रिकामी आहे.

आब्ला : नको बाबा. तुझ्या घरी पाहुणी म्हणून आले असते. परकी म्हणून कशी येऊ?

नोर्तेई : मग जाणार कुठे? केटाला?

आब्ला : केटातलं आमचं घर समुद्राने नेलं, त्याला किती वर्षं झाली. आता तिथे होडीतून जावं लागतं, आणि दार कुठे होतं ते माशांना विचारावं लागतं.

एसिनाम : आशायमानला दादाकडे नेतेय तिला. मीही राहीन तिथे.

नोर्तेई : किती दिवस?

एसिनाम : तुझ्या भावांना विचार.

नोर्तेई : पोरं काय म्हणतील?

एसिनाम : नोर्लेला सांगितलंय मी सगळं. बारा वर्षांची आहे, तिला कळतं. ती म्हणाली, "पण आजोबा तर ही गोष्ट दर सणाला सांगायचे."

नोर्तेई : सांगायचे. होमोवोच्या सणाला, जेवायच्या आधी. मेंढ्याचा रंगसुद्धा सांगायचे. आई, मला सगळं पाठ आहे.

आब्ला : माहीत आहे मला. मीच वाढत असायचे की.

नोर्तेई : मी जातो परत. अजून बसले असतील. अधिकाऱ्याला सांगतो, चुकून बोललो.

एसिनाम : मी निघाले तेव्हाच कागदावर सह्या चालल्या होत्या. पहिली कोणाची होती?

नोर्तेई : माझी.

एसिनाम : मग जा, दुसरी करून ये. आई, ऊठ. ट्रक वर रस्त्यावर उभा आहे, खाली वाळूत यायला तयार नाही.

नोर्तेई : थांब. या जाळ्या तरी वर नेऊन देतो. एवढं करू दे मला.

आब्ला : घे. पण त्या कडेने धरू नकोस, बाबा. तार तुटलीय तिथे, हात कापेल.