हिच्या मागं कोण हाय

मी मूळची राहू गावची. आजा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरला, वडील ऊस लावून एका जागी बसले, आन् मी घरातली पहिली बीए. दौंडला एष्टीनं जाऊन-येऊन केलं. सर्टिफिकेट फ्रेम करून सासरी शिक्रापूरला आणलं, ते अजून भिंतीवर हाय. सांगायला मला आवडतंच.

सासरी मागच्या अंगणात, न्हाणीचं पाणी जातं तिथं, आत्यांची केळ. आत्या म्हंजी माझ्या सासूबाई. ही केळ त्यांनी माहेरातनं आणलेली, केळं बोटाएवढं, पण सोललं की घरभर वास, बाजारात असली मिळत न्हाईत. तर बुडातनं जे कोंब येतात, मुनवे म्हणतात त्यांना, ते आत्या कवा तोडू द्यायच्या न्हाईत. लेकुरवाळीची लेकरं कुणी तोडतं का, म्हणायच्या. मग काय, वीस-बावीस बुंधे एकात एक, आन् घड म्हणाल तर चार फण्यांचा.

आत्या महिनाभर लेकीकडं पाटसला गेल्या तवा मी हात घातला. वाचलेलं होतं ना मी, घड मोठा पाहिजे तर एकच झाड ठेवायचं. एक जाड बुंधा ठेवला, बाकी सगळं काढलं, नवा कोंब दिसला की छाटून वर रॉकेलचे चार थेंब, म्हंजी परत फुटत न्हाई. आत्या आल्या, बघितलं, आन् पाय धुवायला गेल्या. पण घड काय पडला, काय सांगू तुम्हाला, अकरा फण्या, बांबूचा टेकू द्यावा लागला. मी गल्लीत केळी वाटली, प्रत्येकाला सांगून, की बीए वाया न्हाई गेलं.

घड उतरवला, बुंधा पाडला. केळ एकदाच येती, मग ते झाड संपतं. आत्या कोयता धूत होत्या, म्हणाल्या, आता हिच्या मागं कोण हाय?

मी बुडाशी बघितलं. कुणीच न्हाई. फूल आलं की एक कोंब मागं ठेवायचा असतो, तेवढंच मी इसरले. आत्यांच्या माहेरी फोन केला तर तिथं प्लॉट पडलेले, केळ कवाच गेली. दोन दिवस आत्या जेवताना वर बघेनात.

आमच्या खोलीत भाड्यानं राहती रिंकी, बिहारची, नवरा कंपनीत. ती म्हणाली, दीदी, जड़ तो है ना, उसमें आँख होगी. कंद उकरला, हंड्याएवढा, धुतला तर बटाट्यासारखे डोळे, चार. तिनं एकेक डोळा धरून तुकडे केले, राख चोळली, सावलीत ठेवले, मग लावले. कुठं शिकलीस म्हटलं, तर गाँव में, म्हणाली. शाळा चौथी. मी फावडं धरलं.

दोन तुकडे कुजले. रोज चहाच्या आधी मी तिथं जाऊन बसायची, पण कोंबाचा पत्ता न्हाई. आन् एका सकाळी आत्यांचीच हाक आली, ए बीए, हिकडं ये. करंगळीएवढं हिरवं टोक वर आलेलं, आन् शेजारी दुसरं.

आता आम्ही तीन ठेवतो, आई, लेक, नात. चौथा आला की दोघींचं भांडण, त्या म्हणतात ऱ्हाऊ दे, मी म्हणते घड बारीक पडंल, शेवटी कुणाला तरी देऊन टाकतो. रिंकीनं एक रेल्वेनं गावाला नेला, ओल्या गोणपाटात. तुम्ही बी जाताना एक कोंब न्या. निमुळत्या पानाचा देते, रुंद पानाचा दिसायला छान पण कामाचा न्हाई. हातभर खड्डा घ्या, शेणखत घाला, सुखानं वाढू द्या तुमच्या दारात. आन् पहिला घड आला की फोन करा. आत्यांना आता ऐकू कमी येतंय, पण केळीचं म्हटलं की बरोबर ऐकतात.