निळ्या औषधाची बाटली

उधन्यात त्वचेच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेल्या सरलाबाईंनी पदर कपाळावर ओढला आणि सुनेला हळूच विचारलं,
"वर्षा, डॉक्टरला काय सांगशील?"
"त्या कॉपर पेप्टाइडच्या निळ्या औषधानं काही होत नाही. तीन महिने लावतेय, केस गळतातच. आता डोक्यात सुया टोचा, असं सांगणार."
"सुया नको गं! त्या बाटलीत नीळ आहे."
"कसली नीळ?"
"कपड्यांची. तुझं औषध मी माझ्या डोक्याला लावायचे, अन् तुला कळू नये म्हणून पाण्यात नीळ कालवून बाटली भरायचे."
"आई! मागितलं असतं तर दिलं नसतं?"
"नातवाची आजी मी. सुनेपाशी केसांचं औषध कुठल्या तोंडानं मागू?"
"पदर सारा, बघू."
"इथं? माणसं बसलीत."
"सारा म्हणते ना!"
सरलाबाईंनी मान खाली घालून पदर सारला.
"अहो आई, तुमचे तर उगवलेत!"
"हळू बोल गं… किती?"