हरलो, खरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन आदरणीय नानासो. वेळात वेळ काढून साताऱ्याहून आलेले प्रमुख पाहुणे, बॉक्सिंगचे पंच श्री. इंद्रजित जगदाळे साहेब. ज्यांना निरोप द्यायला सगळे जमलो ते आमचे गुरू, निवृत्त सुभेदार लालासाहेब आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू. समोरच्या माता-भगिनी, वडीलधारी मंडळी, आणि मागं पोत्यांच्या थप्पीवर चढून बसलेल्या माझ्या मित्रांनो,

मी शंभूराज. सोसायटीच्या याच गोदामात बॉक्सिंग शिकलो. मघाशी माझी ओळख 'होतकरू खेळाडू आणि पदवीचे विद्यार्थी' अशी करून दिली गेली. त्यातलं दुसरं खोटं आहे. कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं, त्याची कारणं माझ्याजवळ तयार आहेत आणि एकाहून एक सुंदर आहेत. आज ती सांगणार नाही. आज विषयच कारणांचा आहे.

मघापासून मी या पायावरून त्या पायावर होतोय, ते घाबरून नव्हे, खेळाडूची सवय... बघा, आलीच सबब. घाबरलोय. पाणी मिळेल का?

धन्यवाद.

पाहुण्यांसाठी सांगतो. ती कोपऱ्यात तारेनं टांगलेली लोखंडी रिंग म्हणजे आमची घंटा. उसाच्या ट्रॉलीच्या चाकाची आहे. तिच्याजवळ हातात बोल्ट घेऊन जी उभी आहे ती उत्कर्षा, आकारामतात्यांची मुलगी, या गोदामातली सगळ्यात चांगली बॉक्सर. वक्ता लांबला की ठोकायचं, असं नानासोंनी तिला सांगितलंय. उत्कर्षा, माझ्या वेळी जरा दमानं घे. दोन लढतींचं बोलायचंय.

सुभेदार पलटणीतून घरी आले तेव्हा इथं उंदीर आणि युरियाचा वास, एवढंच होतं. रिकाम्या पोत्यांत भुसा आणि चिंध्या भरून त्यांनी ती वाशाला टांगली. त्या पोत्यांवर छापलेलं असतं, 'हुक वापरू नये.' पहिल्याच दिवशी ते आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं आणि म्हणाले, "हे सोडून बाकी सगळं ऐकायचं."

ठोसे त्यांनी शिकवलेच, बाजूनं वळवून मारायचा हुकसुद्धा. त्याहून अवघड एक गोष्ट शिकवली. इथं लढत संपली की जिंकलेल्यानं गुपचूप बाहेर जायचं आणि हरलेल्यानं रिंगच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, 'मी हरलो.' पूर्णविराम. त्यापुढं 'पण' आला, की त्या दिवशी सगळ्यांच्या हाताच्या पट्ट्या त्यानं बोअरच्या नळाखाली धुवायच्या. घामेजलेल्या, कुबट पट्ट्या. मी इतक्या धुतल्यात की आमच्या आईला वाटायचं, कॉलेज सोडून पोरगं लाँड्रीत लागलंय.

सुटका कुणाचीच नव्हती. 'हरलो, पण ग्लोव्हज ओले होते.' धू. 'हरलो, पण वजन उतरवायला दोन दिवस जेवलो नव्हतो.' धू. एकानं 'मात्र' शोधून काढला. सुभेदारांनी त्याच्याकडून काकूंच्या चादरीसुद्धा धुवून घेतल्या. आज भाषण करतानाही माझी जीभ चाचपडतेय. 'आपण' म्हणायचीसुद्धा भीती वाटते, त्यात पण आहे म्हणून.

आमच्यावर बंदी होती. आमच्या चाहत्यांवर कोण घालणार? इथं आमचे आप्पासो बसलेत. प्रत्येक स्पर्धेला त्यांच्या टेम्पोतून आम्ही गेलो, डिझेलला कधी कुरकुरले नाहीत, मनाचा राजा माणूस. फलटणच्या स्पर्धेत मी सरळ हरलो. समोरचा चपळ होता, मी नव्हतो. टेम्पो निघाला. दहिवडी येईपर्यंत पंच फितूर झाला होता. मायणीला चहा प्यायलो तिथं समोरच्याच्या ग्लोव्हजमध्ये काहीतरी लपवलेलं निघालं. आणि विटा ओलांडून कडेगावच्या वेशीत शिरलो तेव्हा मी जिंकलो होतो! आप्पासोंनी गुलाल कुठून आणला ते मला अजून कळलेलं नाही.

जगदाळे साहेब, ते फितूर पंच तुम्ही. आज पहिल्यांदाच तुम्हाला समोरून सांगतोय. तुमचा निकाल बरोबर होता. हसू नका आप्पासो, गुलाल तुम्हीच लावलेला.

तर 'पण' गेला आणि पोरांनी नवा शब्द आणला. तो आणायला लांब जावं लागलं नाही, घरातच होता. 'खरं.' पाहुणे साताऱ्याचे, त्यांना ठाऊक असेल. पुण्याच्या माणसाला 'खरं' म्हटलं की तो मान डोलावतो, त्याला वाटतं आता खरं ऐकायला मिळणार. आमच्याकडं सांगलीच्या बाजूला 'खरं' म्हटलं की पुढं सबब येते. 'येतो म्हणालो होतो, खरं गाडी पंक्चर झाली.' झालं, रिंगमध्ये सुरू. 'हरलो, खरं डोळ्यावर उजेड आला.' 'हरलो, खरं पंच त्यांच्या गावचा.' सुभेदार बरीच वर्षं पलटणीत हिंदी बोलून आलेले. त्यांना काही दिवस वाटलं, पोरं सुधारली, हरल्यावर 'खरं' म्हणतात. मग एक दिवस ध्यानात आलं. पट्ट्या मीच धुतल्या.

आता मुद्द्यावर येतो. नानासो, रागावू नका. रागावलात तरी बोलणार आहे.

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या समितीची बैठक झाली. सुभेदार मुलीकडं पाटणला चाललेत, गुडघे साथ देत नाहीत. ते म्हणाले, "गोदाम उत्कर्षाच्या हवाली करा. मी नसताना पोरांना तीच शिकवतेय." तुम्ही म्हणालात, "पोरगी गुणाची हाय. शिकिवती बी झ्याक. खरं..."

त्या 'खरं'च्या पुढचं मी दाराबाहेरून ऐकलं. "खरं पोरं तिचं ऐकतील का? शंभूला हरवलं म्हनता, खरं त्ये मुद्दाम पडलं. आख्ख्या गावाला म्हाईत हाय, त्याचा जीव हाय तिच्यावर." मग वीरधवलचं नाव निघालं. वीरधवल माझा दोस्त आहे, चांगला खेळतो, त्याला हे हवंय आणि का नसावं? आज समारंभाच्या शेवटी आपण नाव जाहीर करणार आहात. मी त्याच्याआधी बोलायला मागून घेतलंय, ते यासाठी.

उत्कर्षानं इथं ज्याला ज्याला हरवलं, त्याच्याजवळ काहीतरी होतंच. एक जण म्हणाला, "मेंढरामागं पळल्याली पोर, तिचा दमच न्यारा." ती म्हणाली, "मेंढरं माझ्या आबांनी राखली. मी शाळंत बाकावर बसून हुते." सगळ्यांच्या सबबी जुन्या झाल्या, विरून गेल्या. सगळ्यात टिकाऊ निघाली ती माझी. आणि ती मी सांगितलेलीच नाही!

लढत संपली, मी अजून गुडघ्यावर होतो, तोवर थप्पीवरून आप्पासोंचा आवाज, "गड्यानं सोडलं रं! जिथं जीव गुतलाय तिथं हात कसा उठंल?" दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी त्यांना म्हणालो, "आप्पासो, मी खरोखर हरलो." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी. "बघा रं, अजून बी तिचंच राखतोय. ह्याला म्हनत्यात पिरेम." मी संतापून कप आपटला. म्हणाले, "तळमळ बघा." एकाची कॉलर धरली, तर तो कॉलर सोडवून घेता घेता माझंच सांत्वन करायला लागला!

सांगा, माणसानं काय करायचं? गप्प बसलो तर तिनं फुकट जिंकलं असं होतं. बोललो तर प्रेमानं बोलतोय असं होतं. रात्रंदिवस डोक्यात हेच. जेवताना, उसाला पाणी पाजताना, गाडीवर. माझ्या प्रेमानं तिचं काही भलं झालं नाही, ते नुसतं तिच्या दारात आडवं पडून राहिलंय.

आज सकाळी खुर्च्या मांडताना तिनं विचारलं, "बोलनार हायस म्हनं?"

"व्हय."

"मग पुरतं बोल. अर्धं बोललास, तर ही लोकं त्यातनं बी पिरेमच काढतील."

"आबांना काय वाटंल?"

"आबांना मी तवाच सांगितलंय. तू तुझं बघ. चार माणसांत हसं तुझं हुनार हाय."

तिचे आबा म्हणजे आपले आकारामतात्या, तिथं तिसऱ्या रांगेत बसलेत. तात्या, तुम्ही मान हलवलीत, आभारी आहे. पुरतं बोलतो.

लढतीच्या आदल्या दिवशी, बोअरच्या नळापाशी, पट्ट्या धुता धुता मी उत्कर्षाला माझ्या मनातलं सांगितलं. ती म्हणाली, "न्हाई." मी विचारलं, "का?" ती म्हणाली, "कारन दिलं की तू ते खोडत बसशील. मग मी दुसरं द्यायचं, तू ते बी खोडायचं. न्हाई म्हंजे न्हाई, शंभू. पट्ट्या पीळ, वाळत घालू."

ही माझी पहिली लढत. आता दुसरी.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी आमची जोड लावली. वजन सारखं, सरावाची लढत, "हलका हात ठेवा," असं बजावून. मी रिंगमध्ये उतरलो तेव्हा माझ्या हातात प्रेम नव्हतं, नानासो. राग होता. तिला आवडायचं राहू दे, तिला पाडायचंच, एवढंच डोक्यात. पहिल्याच राउंडला मी उजवा असा मारला की तिचं हेडगार्ड फिरून डोळ्यावर आलं. सुभेदार थांबवायला पुढं झाले. तिनं हेडगार्ड सरळ केलं आणि म्हणाली, "चालू द्या." मला तिच्यावर दया आली नाही असं नाही, पण...

निसटला. शिट्ट्या नका मारू रे, ऐकलं मी. समारंभ झाला की धुतो पट्ट्या. सगळ्यांच्या.

दया आली नाही. हे खरं वाक्य. दुसऱ्या राउंडला मी पुन्हा तोच उजवा घेऊन आत शिरलो. रागावलेला माणूस तीच चूक दोनदा करतो, हे तिला ठाऊक होतं. ती खाली वाकली, बाजूला सरली आणि तिचा डावा हुक इथं, बरगडीच्या खाली, लिव्हरवर बसला. ज्यांना बसलाय त्यांना माहीत असेल. शुद्ध जात नाही. सगळं लख्ख दिसतं, नुसतं उठता येत नाही. मी गुडघ्यावर. नाकासमोर टांगलेलं पोतं. त्याच्यावर छापलेलं, 'हुक वापरू नये.' सुभेदारांचे आकडे संपेपर्यंत मी तेवढंच वाचत होतो.

मी सोडलं असतं तर तो दिवस मला इतका लागला असता का? ज्यानं मुद्दाम हार पत्करली तो माणूस त्या रात्री शांत झोपतो. मला विचारा कसा झोपलो.

मग सुभेदार म्हणाले, "बोल." रिवाजाप्रमाणे. मी तोंड उघडलं, आत हवाच नव्हती. शब्द फुटला नाही. माझं 'हरलो' राहून गेलं आणि माझ्या जागी थप्पीवरच्या मंडळींनी वाक्य पुरं केलं. तेच गावभर फिरतंय.

सुभेदार, तुम्हाला निरोपाला काय द्यायचं, याचा मी बराच विचार केला. शाल समितीनं दिली, श्रीफळ दिलं, आप्पासोंनी सामान न्यायला टेम्पो दिला. माझ्याकडं तुमचं एक येणं राहिलंय, ते आज घ्या. दोन्ही लढतींचं मिळून. बसूनच ऐका, उठू नका, गुडघे दुखतील.

मी हरलो.

खरं.

नानासो, या 'खरं'च्या पुढं काही नाही. तुमच्याही त्या दिवशीच्या 'खरं'च्या पुढं काही राहिलं असेल, तर आपण अध्यक्षांच्या भाषणात सांगालच. मी थांबलेलं बरं.

सुभेदार, काकू, पाटणला थंडी असते, गुडघे शेकत जा. आम्ही येत राहू. आप्पासो, तुमच्या मायेनं मी कित्येकदा न जिंकता जिंकलो, तुमचा ऋणी आहे. पुढच्या वेळी गुलाल घरी ठेवा. वीरधवल, माझ्यावर राग धरू नकोस. धरलास तर सोमवारी रिंगमध्ये काढ. जगदाळे साहेब, आकारामतात्या, मंडळी, तुम्ही माझं ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल, कुठं शब्द वेडावाकडा गेला असेल, तर पोटात घाला. त्याचं कारण माझ्याजवळ आहे, सांगणार नाही.

घंटा सकाळपासून योग्य हातात आहे. ती तिथंच राहावी.

उत्कर्षा, माझा राउंड संपला. ठोक.